गाम्सलेनचं पोस्टकार्ड

बेर्श्टेसगाडन, २ फेब्रुवारी १९५२

कोर्बिनिआन,

पंधरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला तुझी आठवण वगैरे आलेली नाही. तुझ्या हातचा एक कागद हवाय.

वरचं घर पाडणार आहेत. 'वरचं' म्हणजे कुठलं ते तुला कळेलच. कोबीच्या शेतात राहून माणूस इतकं विसरत नसावा. त्या फ्यूररला डोंगरावर शेजार नको होता म्हणून आपली अकरा घरं हुसकली, ते. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या विमानांनी ते फोडलं, पळून जाताना त्याच्याच शिपायांनी उरलेल्याला आग लावली, आणि त्यातूनही जे वाचलं ते गावाने उचलून नेलं. गालिचे, नळ, दारांच्या मुठी. आजही कुणाच्या न्हाणीत गेलास तर तिथला एखादा नळ भेटेल. मी काही आणलं नाही, फक्त फोटो आणले.

सात वर्षं मी त्या पडक्या घराचे फोटो काढतेय. ती मोठी खिडकी आठवते ना, ज्यातून म्हणे अख्खा उंटर्सबर्ग डोंगर दिसायचा? तिचं आता भिंतीएवढं भगदाड झालंय, आणि लांबून आलेले पाहुणे त्यात उभे राहून एकमेकांचे फोटो काढतात. मग खाली माझ्या दुकानात येतात आणि हळूच विचारतात, त्याचे आधीचे नाहीत का? बागेतले, लहान मुलांबरोबरचे? आहेत. म्हातारा त्सेखमाइस्टर सेहेचाळीसात गेला आणि दुकान माझ्या नावावर ठेवून गेला, त्याबरोबर तळघरातली दोन कपाटं भरून फोटोंच्या मूळ काचाही. गेल्या महिन्यात हातमोजे घातलेला एक गृहस्थ सगळ्या काचा विकत मागायला आला. त्याने सांगितलेल्या रकमेत दुकानाचं छप्पर नवं झालं असतं. मी म्हटलं, कोर्टाला आणि अभ्यास करणाऱ्यांना दाखवायला आहेत ह्या, तुमच्या सोफ्यावर टांगायला नाहीत, आणि दार उघडून धरलं. गावात मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत, आहेच मी.

तर कागद. घर पाडलं की जमीन सरकारकडे जाणार, म्हणून अकरा घरं मिळून म्युनिकला अर्ज करतोय की आमची जमीन आम्हाला परत द्या. प्रत्येक घराच्या शेवटच्या धन्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचंय की विक्री कशी झाली. दहा घरांचे कागद आले. आपलाच राहिलाय. बाबांनी सदतीसच्या फेब्रुवारीत, मेणबत्तीच्या सणाला, शेत तुझ्या हवाली केलं, आपल्याकडे पडलेल्या रीतीप्रमाणे स्वतःपुरती माडीवरची खोली आणि रोजचं दूध राखून घेतलं, आणि पाचच आठवड्यांत तू ते विकलंस. बाबा तेव्हा रानात लाकडं ओढत होते, मी इथे दुकानात होते. टेबलाशी घर घ्यायला आलेल्या त्याच्या माणसांसमोर तू एकटाच होतास. तेव्हा लिहिणार तूच. ३१ मार्चच्या आत. एकाचा जरी कागद नसला तरी सगळा अर्ज अडेल, आणि तो आपल्यामुळे अडलेला मला चालणार नाही.

वाल्बुर्गा इर्लिंगर

(कागदोपत्री. गाव अजूनही मला घराच्याच नावाने हाक मारतं, गाम्सलेनची बुर्गल. घर जाऊन पंधरा वर्षं झाली, पण आडनाव कुणाच्या तोंडात बसत नाही.)


२४ फेब्रुवारी

कोर्बिनिआन,

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिला वहिनी म्हणायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, पण अक्षर चांगलं आहे आणि फापटपसारा नाही. लिहिते, 'ते तुमचं पत्र तीनदा वाचून गोठ्यात गेले आणि गाईंशी बोलत बसले. माझ्याशी इतकं कधी बोलत नाहीत.' मला हसू आलं. म्हणजे तुझी खोड गेलेली नाही.

कागदाबद्दल तू चकार शब्द काढलेला नाहीस. उलट तिच्याकरवी विचारतोस की बाबा कसे गेले.

हे विचारायला तुला दहा वर्षं लागली. ऐक तर मग. घर गेल्यावर मी त्यांना इथे दुकानावरच्या खोलीत आणलं. तू दिलेले पैसे त्यांनी हातात धरले नाहीत. तुला परत पाठवले ते माहीतच आहे, त्याच पैशांवर तू त्या सपाट मुलखात शेत घेतलंस. ते रोज खिडकीशी बसायचे. तिथून डोंगर दिसतो. पहिल्या उन्हाळ्यात वर रस्ते खणायला लागले तशी त्यांनी खुर्ची फिरवली आणि मग कायम भिंतीकडे तोंड करून बसले. मी जेवायला वाढलं की विचारायचे, गाईंना दिलं का? गाई तर कधीच विकल्या होत्या. मी म्हणायचे, दिलं. एक्केचाळीसच्या डिसेंबरात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत आटोपलं. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. खोटं सांगून तुला बरं वाटवणार नाही मी.

बरोबर त्यांचं मरणचित्र पाठवतेय. माझ्याकडे त्यातली दोन उरली होती. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोखाली दोन ओळी प्रार्थना छापून ते चिटोरं आल्यागेल्याला देतात आणि लोक ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात, हे तुझ्या बायकोला समजावून सांग. तिच्याकडे ही पद्धत नसेल. तेव्हा गावातल्या शत्रूलाही दिलं होतं, आणि तुला मुद्दाम पाठवलं नव्हतं. शिक्षा म्हणून. घरचा मुलगा आणि त्याच्याकडे बापाचं चित्र नाही, ह्याहून मोठी शिक्षा मला तेव्हा सुचली नव्हती. त्या वेळी त्याचं मला समाधान वाटलं होतं. आज वाटत नाही, एवढंच म्हणते.

चित्र मीच काढलं, मीच छापलं. खाली इर्लिंगर नाही लिहिलं. गाम्सलेनर लिहिलंय.

आता तरी कागद लिही.

बुर्गल


१६ मार्च

कोर्बी,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाहिलं, अजूनही कुंपणाच्या खुंटांसारखं.

'लिहीन. पण लिहायचं तर सगळं लिहावं लागेल. त्या दिवशी टेबलावर एक पोस्टकार्ड होतं. ते सगळ्यांसमोर वाचलेलं तुला चालेल का, ते आधी कळव.'

मी हे दुकानात गिऱ्हाइकासमोर उघडलं. वाचलं, आणि त्या बाईला सुटे पैसे द्यायचे विसरून आत जाऊन बसले.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्यापासून.

थांब, माझ्या तोंडून येऊ दे. छत्तीसच्या हेमंतात त्सेखमाइस्टरने कुरणावरून त्या नव्या घराचा फोटो काढला. पोस्टकार्डासाठी. घर उजवीकडे, मागे डोंगर, आणि डावीकडे आपण. आपलं घर, छपरावरचे धोंडे, लाकडांची थप्पी, आईचं बाकडं, आणि सगळ्यांत पुढे शेणाचा उकिरडा, वाफाळता. त्सेखमाइस्टर म्हणाला, एवढं काढून टाक, देखावा मोकळा हवाय. काचेवरचा फोटो चाकूने खरवडला की कागदावर तिथे काळं उमटतं, हे काम आहे. जिल्ह्यात ते माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं. मी वीस वर्षांची होते. दीड दिवस भिंगाखाली बसून मी आपलं घर खरवडलं आणि त्या जागी फरची झाडं उभी केली. एकेक फांदी. खालच्या बाजूला शेजारणीचा, फ्रोनीचा, गोठा होता, तोही घालवला. आणि सांगू? रडले नाही, काही नाही. मान ताठ करून त्सेखमाइस्टरला काच दाखवली. तो म्हणाला, बुर्गल, इथे कधी घर होतं हे देवालासुद्धा कळणार नाही. मला धन्य वाटलं होतं.

ते कार्ड हजारोंनी खपलं. पाच महिन्यांनी त्याची माणसं तुझ्याकडे कागद घेऊन आली.

बाबा दुकानावर राहायचे तेव्हा मांडणीतलं ते कार्ड मी पाठमोरं ठेवायचे. ते कधी खाली उतरले नाहीत, तरी ठेवायचे. आणि सगळा काळ मी ओरडत राहिले, कोर्बिनिआनने घर विकलं, कोर्बिनिआनने घर विकलं. बाबांपुढे, गावापुढे, देवळाच्या पायऱ्यांवर. तुझ्यावर ओरडताना मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ओरडायचे बहुधा. हे आज पहिल्यांदा लिहितेय आणि लिहिताना माझा कान तापलाय.

तुला माझी झाडं ओळखू आली असणार. लहानपणी वहीत मी तशीच काढायचे, डावीकडे कललेली. तू त्या माणसांसमोर ती ओळखलीस, सही केलीस, आणि बाबांना सांगितलं नाहीस. बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हाही नाही. मी देवळाच्या पायऱ्यांवर तुझ्या अंगावर थुंकले तेव्हाही नाही.

तू विचारतोस चालेल का. दुकान माझं आहे, अर्ज मी उभा केलाय, दहा घरं माझ्या शब्दावर एकत्र आलीत. लाज जायची ती माझीच जाईल. पण गाम्सलेनची हकिगत सांगायची आणि मधलं भोक झाकायचं, हे मला जमणार नाही. तेवढं नाक उंच असलेली बाई मी आहे. माझं नाव घालून लिही.

बुर्गल


३१ मार्च

कोर्बी,

कागद वेळेत पोचला. काल, रविवारच्या प्रार्थनेनंतर खाणावळीच्या मागच्या खोलीत अकरा घरं जमली, आणि रोटलेनच्या बार्टलने एकेक कागद वाचून दाखवला. तोच आपला म्होरक्या. सत्तर वर्षांचा आहे, पण आवाज अजून घंटेसारखा. आपला कागद शेवटी होता.

मी ताठ बसले होते. हात मात्र मांडीखाली दाबून धरले होते.

तू लिहिलंस: 'टेबलावर त्यांनी एक पोस्टकार्ड ठेवलं. त्यात आमचं घर नव्हतं. ते म्हणाले, बघ, तुम्ही आत्ताच इथे नाही आहात. म्हातारा सही करू देणार नसेल तर गुरुवारी त्याला घेऊन जाऊ, कुठे ते तुला ठाऊक आहे. मी सही केली. कार्ड कुणी केलं ते मला माहीत नाही.'

माहीत नाही म्हणे. गाढवा, आयुष्यात एकदा खोटं बोललास आणि तेही सरकारी कागदावर.

गुरुवारचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बाबांनाही. तू बाबांचा जीव वाचवलास आणि बदल्यात त्यांची पाठ बघितलीस. बार्टल कागदाची घडी घालायला लागला. मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. तू तशी सोयच करून ठेवली होतीस.

मी उभी राहिले. म्हटलं, "ते कार्ड मी केलं. घर मी खरवडलं, ह्या हातांनी. त्याला माहीत आहे. तो मला झाकतोय."

मग कोपऱ्यातून म्हातारी फ्रोनी म्हणाली, "माझा गोठा पण त्यात गेला का गं?"

"गेला."

"किती वेळ लागला?"

"तासभर."

"त्याला बांधायला तीन उन्हाळे लागले होते," ती म्हणाली. मग काठीने माझी खुर्ची दाखवली. "बस खाली. सूप गार होतंय तुझं."

बार्टल मात्र टोपी घालून बाहेर गेला. त्याला खाली दिलेल्या घरात एका वर्षात बायको गेली, तुला माहीत आहे. त्याचा राग मला मान्य आहे. मी समजूत घालायला गेले नाही. पाव तासाने तो परत आला, कारण सही त्याची लागत होती, सही केली आणि माझ्याकडे न बघता लेखणी मला दिली. मी तुझ्या वाक्याखाली लिहिलं: कार्ड वाल्बुर्गा इर्लिंगर हिने केलं. आणि सही. सकाळच्या टपालाने सगळं म्युनिकला गेलं.

आज दुकान उघडलं तेव्हा वाटलं, कुणी येणार नाही. दोघं आली. एकीने नुसतंच वरखाली बघून घेतलं मला आणि काही न घेता गेली. चालायचंच.

कोर्बी, तुझा मला अभिमान वाटतो. तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून ठेवते. गेशेला वहिनी म्हणायचं ठरलं, तिलाही सांग.

बुर्गल


१ मे

कोर्बी,

आज गावात मे महिन्याचा खांब उभा करतायत, बाहेर पितळी वाजंत्री चाललीय, आणि मी दुकान बंद करून लिहायला बसलेय.

आधी वाईट ते सांगते. शनिवारी म्युनिकचं उत्तर आलं. जमीन सरकारकडेच राहणार. विक्रीचे कागद रीतसर आहेत, पैसे दिले गेले आहेत, आमच्या हकिगती त्यांनी 'नोंदवून घेतल्या आहेत'. अकराच्या अकरा घरांना एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं. ढिगावर माती लोटून तिथे झाडं लावणार आहेत, फरची. वाचून मी इतकी हसले की शेजारचा न्हावी बघायला आला. मी जे चाकूने केलं ते आता सरकार फावड्याने करणार. फ्रोनी रडली नाही, शिव्या दिल्या, आणि त्या मी इथे लिहिणार नाही.

काल संध्याकाळी पाच वाजता सुरुंग लावले. पन्नासेक फोटोवाले आले होते, परदेशचेही. पोलिसांनी दोरी बांधली होती आणि समोरच्या टेकाडावर सगळ्यांत चांगली जागा माझ्यासाठी राखली होती. सात वर्षं त्या पडक्याचे फोटो विकलेत ना मी. मी तिवई घेऊन गेले. जागा पाहिली. आणि तिवई उलटी फिरवली.

कारण दोरीच्या मागे कुरणाच्या कडेला आपली माणसं उभी होती. सगळी. कुणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, ओळीत उभं राहा, घरांच्या क्रमाने, खालपासून वरपर्यंत, देवळात बसायचो तसे. बायका कुरकुरल्या की रोजचे कपडे आहेत. मी म्हटलं, कपड्यांचा फोटो नाही काढायचाय मला, तुम्ही पाहिजे आहात. सगळ्यांत खाली फ्रोनी, काठी टेकून. मग एकेक. रोटलेनच्या जागी कुणी नव्हतं. मी थांबले. पाचला तीन मिनिटं असताना बार्टल रस्त्याने चढून आला, आपल्या जागी उभा राहिला आणि टोपी काढली.

मग फ्रोनीने विचारलं, "गाम्सलेनचं कोण?"

मी कॅमेऱ्यामागे. बार्टल आणि त्याच्या वरच्या घराच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा. बार्टलला म्हटलं, जरा सरक, ती जागा भरू नकोस. तो सरकला. म्हणाला, "मोठा आहे तो, एवढ्यात मावणार नाही," आणि अजून अर्धा पाऊल बाजूला झाला. पंधरा वर्षांत तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

धमाका झाला. माझ्या पाठीत हादरा बसला, धूळ डोक्यावरून गेली, टेकाडावरचे सगळे ओरडले. माझ्या समोरच्या ओळीतलं एकही माणूस हललं नाही. ते त्या घराकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. मी तेव्हा बटण दाबलं. आयुष्यात काढलेला हा माझा सर्वांत चांगला फोटो आहे, आणि हे मी स्वतः म्हणते, दुसऱ्या कुणाला म्हणायची गरज नाही. मागे धूर आहे, पण तो कशाचा हे फोटोवरून कळत नाही. कळायचं कारणही नाही. पुढे माणसं आहेत.

आज सकाळी धुऊन वाळवला. एक प्रत सोबत आहे. मधली ती जागा दिसेल तुला. तुझ्या लग्नाचा एक फोटो गेशे वहिनीने पाठवलाय. त्यातून तुला कापून तिथे बसवणं मला एका दुपारचं काम आहे आणि कुणाच्या बापाला कळणार नाही. मी केलं नाही. करणार नाही.

कोर्बी, जमीन मिळायची नाही. अर्ज संपला. तुझ्या सहीला आता कुणी विचारत नाही, मीही नाही. कालपर्यंत तुला इकडे बोलावणं मला जमत नव्हतं. तू म्हणाला असतास, हिला कागद हवा म्हणून बोलावतेय, आणि ते खरंच असतं. आता तुझ्याकडून मला काही नको.

म्हणून आता म्हणते. ये.

बुर्गल